मधला प्रश्न

३ फेब्रुवारी

प्रभूमध्ये प्रिय मास्तर यास पैलवानाचा सलाम.

शनिवारी फोनवर बोलतोस तेवढंच, बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. लिहायचं विसरलास? का कविता म्हणता म्हणता खिडकीतून उडालास? मी ठणठणीत आहे. सत्तरी उलटली तरी ओंडक्याचं एक टोक अजून एकटा उचलतो. वखारीतली माणसं मात्र हल्ली मेणाची येतात. परवा एका हमालाला जरा समज दिली, तर गडी भुशाच्या ढिगावर आडवा! नाकातून रक्त. म्हटलं, ऊठ लेका, भुसा ओला होतोय.

काम असं की आपल्या चर्चची मंडळी मला वडील, म्हणजे पंचांतला एक, नेमणार आहे. सतरा मार्चला, रविवारच्या उपासनेत. नवा पाळक पोरगेलासा आहे, पण नियमाला चिकट. म्हणतो, दर शनिवारी जो तुमच्या पापांची झडती घेत आला, त्या जोडीदाराचं पत्र आणा. ते सगळ्यांपुढे वाचू, मगच डोक्यावर हात ठेवू. आता माझा जोडीदार तू. चाळीस वर्षं तू विचारतोस, मी सांगतो. आधी पुलाखालच्या दगडावर, आणि तू मुलीकडे राहायला गेल्यापासून फोनवर. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा, तुझं म्हणजे मोत्याचे दाणे. तेव्हा फर्मास लिही.

तुझ्या बहिणीचा उजवा हात मोडलाय. फळ्यांच्या थप्पीवरून पडली. म्हणून ती लिहीत नाही. काळजीचं कारण नाही.

तुझा मेहुणा आणि त्याआधीचा मित्र,
पैलवान

—

८ फेब्रुवारी

प्रिय पैलवाना,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खिडकीशीच होतो. दुपारी समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडतो, अगदी आपल्या चौथीच्या वर्गात पडायचा तसा. गुरुजी पट्टीने टेबलावर ठेका धरायचे आणि आपण सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायचो. शब्द चुकला की तीच पट्टी बोटांच्या पेरांवर. अजूनही एखादी ओळ आठवली की आधी बोटं दुखतात, मग डोळे भरतात.

आठवतं, त्या वरच्या वर्गातल्या दांडगटाने माझी कवितांची वही विहिरीत फेकली होती? तू मधल्या सुट्टीत त्याची मान धरलीस आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर त्याचं तोंड आपटलंस. तीनदा. मी मोजलं होतं. दोन दात तू माझ्या तळहातावर आणून ठेवलेस. म्हणालास, "घे, वहीच्या बदल्यात." दात अजून गरम होते. मी घाबरलो, पण खोटं कशाला सांगू, जगात आपलं कोणीतरी आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पुढे माझ्याच बहिणीचं तुझ्याशी लग्न जुळलं तेव्हा मला तर कवितेचं शेवटचं कडवं सापडल्यासारखं झालं.

आणि आपली झडती! थोरल्या पाळकांनी फळ्यावर खडूने प्रश्न लिहून दिले होते. मंडळीला तोंडपाठ व्हावेत म्हणून मी त्यांची कविता केली, चाल लावली. अजून दर शनिवारी तिथे म्हणतात ना?

कुणास दुखविले, सांग रे भावा,
पुन्हा न घडावे, कर प्रभूचा धावा.

तुला म्हणून सांगतो, फळ्यावर प्रश्न तीन होते. मधला काही केल्या चालीत बसेना. आठ दिवस झटलो, अक्षरं मोजून मोजून बोटं झिजली. शेवटी गाळून टाकला. थोरले पाळक तेव्हा अंथरुणाला खिळले होते, कोणाच्या लक्षातही आलं नाही. चाल मात्र गोड झाली.

सोबत तुझं पत्र जोडलं आहे. "हा भाऊ चाळीस वर्षं माझ्यापुढे काचेसारखा स्वच्छ राहिला," असं लिहिलंय. वाचताना पाळक रुमाल काढेल बघ.

टिटवीच्या हाताला जप. लहानपणी केवढी किंचाळायची, म्हणून तर हे नाव पडलं. आणि आता घरात आहे की नाही तेही कळत नाही!

तुझा,
मास्तर

—

१९ फेब्रुवारी

दादा,

डाव्या हाताने लिहितेय, लागेल तसं लावून घे. उत्तर घरी पाठवू नकोस, पाळकीणबाईंच्या पत्त्यावर पाठव.

तू पाठवलेलं पत्र ह्यांनी जेवताना मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. काचेसारखा स्वच्छ, इथे आले की हसायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला घास भरवायला लागतो, तो तसाच हातात धरून बसले होते.

मी थप्पीवरून पडले नाही. वडील नेमताना बायकोने शेजारी उभं राहायचं असतं. मी पाळकांना जाऊन सांगितलं, मी उभी राहणार नाही. का ते सांगितलं नाही, तेवढी छाती झाली नाही. घरी आल्यावर ह्यांनी माझा हात टेबलाच्या कडेवर धरला आणि वखारीतून आणलेला दांडका घातला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मी ओरडले नाही. ओरडलं की दुसरा बसतो, हे आता अंगवळणी पडलंय. मग तेच मला दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टरांपुढे डोळे पुसले, म्हणाले, "हिला कितीदा सांगतो, थप्पीवर चढू नकोस."

तुला आठवत असेल, लग्नानंतर सहाव्या वर्षी मी फाटलेला ओठ घेऊन तुझ्या दारात आले होते. जिन्यावरून पडले म्हणाले होते. तू पाणी दिलंस, ओढ्याची कविता म्हणून दाखवलीस, मला हसवलंस, आणि दिवे लागायच्या आत स्वतः नेऊन सोडलंस. वाटेभर मला वाटत होतं, दादा साधा आहे, ह्याला जिना खरा वाटला.

पाळकीणबाई म्हणतात, त्यांच्याकडे मागची खोली रिकामी आहे. जाऊ का नको, ते ठरत नाही. मी गेले आणि रविवारी तुझं पत्र वाचलं गेलं, तर खोटी मीच ठरणार. मास्तरांचा शब्द म्हणजे मंडळीला काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून एकच विचारते. तुला माहीत होतं का? हो का नाही, एवढंच लिही.

टिटवी

—

२५ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या टिटवे,

तुझं पत्र छातीशी धरून बसलो आहे. तुझं ते वाकडंतिकडं अक्षर बघून मला तुझी पाटी आठवली. अंगणात तू पालथी पडून अक्षरं गिरवायचीस आणि जीभ बाहेर काढायचीस. कुठे गेले ते दिवस! माणसाने मोठं होऊच नये.

बाळ, सगळं प्रभूच्या हाती आहे. पैलवान मनाने वाईट नाही ग. त्याच्या बापाने त्याला पट्ट्याने फोडून काढलं, ते आम्ही वर्गात त्याच्या पाठीवर बघायचो. राग त्याच्या अंगात येतो आणि तो त्याच्यापुढे लहान होतो. दर शनिवारी तो किती रडतो हे तुला ठाऊक नाही. त्या कानाच्या वेळी तर पुलाखाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर रडला. आम्ही दोघांनी गुडघे टेकले. उठला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तो माणूस बदलतो आहे, सावकाश, पण बदलतो आहे.

वाटलंच तर चार दिवस इकडे ये. मुलीला विचारून कळवतो. खोल्या लहान आहेत, पण मन मोठं आहे.

तुझा दादा

—

३ मार्च

दादा,

कानाचं तुला कोणी सांगितलं?

मी सगळ्यांना सांगितलं होतं, तापात गेला. तुलाही तेच सांगितलं होतं. बावीस वर्षं झाली. डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा घरात तो आणि मी, दोघंच होतो. म्हणजे तू मला हो-नाही सांगितलं नाहीस, पण उत्तर आलं.

मला आता तो शनिवार लख्ख आठवतो. मी कानात कापूस घालून पडले होते, उशी लाल झाली होती, आणि तो शीळ घालत घरी आला. तुमच्या त्या कवितेची चाल. मला वाटलं, ह्याला एवढं हलकं कशाने वाटतंय? आज कळलं. तू त्याला पुसून लख्ख केलंस, आणि फडकं मी झाले.

त्याने माझ्यापुढे येऊन एकदाही म्हटलं नाही, मी हे केलं. तूही म्हटलं नाहीस, मला हे ठाऊक आहे. त्याने तुला सांगितलं, तू देवाला सांगितलंस, देवाने माफ केलं. मार मी खाल्ला, आणि माझी माफी तुम्ही दोघांनी वाटून खाल्लीत.

तुझा गाळलेला प्रश्न मला पाठ आहे. त्याने तुझं सोबतचं पत्रही मला वाचून दाखवलं होतं ना, आठ दिवस झटलास ते! मी तेव्हा रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचे, थोरल्या पाळकांचा फळा मीच पुसायचे. मधला प्रश्न असा होता: "ज्याला दुखावलंस, त्याच्यापुढे जाऊन कबूल केलंस का?"

मी काल पाळकीणबाईंच्या मागच्या खोलीत आले. अंगावरच्या लुगड्यानिशी. तुझ्याकडे यायचं नाही, मुलीला विचारू नकोस.

टिटवी

—

७ मार्च

पैलवाना,

मी तुला दिलेलं पत्र खोटं आहे. ते पाळकाला देऊ नकोस. दिलं असशील तर मी त्यांना वेगळं लिहितोच आहे. सतराला मी स्वतः येतो आणि झडतीत तू मला जे सांगितलंस, आणि मी जे दडपलं, ते सगळ्यांपुढे वाचतो. ओठ, कान, बरगड्या, गरम तवा, आणि आता हात. हात तू मला सांगितलाच नाहीस. थप्पी सांगितलीस. म्हणजे हल्ली माझ्याशीही तू खोटंच बोलायला लागला होतास, आणि मी काच काच म्हणत बसलो.

रविवार यायच्या आत तिच्याकडे जा. आत जाऊ नकोस, दारातूनच सांग. जे केलंस ते, नाव घेऊन. ती काय म्हणेल ते ऐकून घे आणि परत ये. पोलिसांत जा म्हणाली तर पोलिसांत जा. हा मधला प्रश्न मी तुला चाळीस वर्षं विचारला नाही. आज विचारतो.

मास्तर

—

११ मार्च

मास्तर,

तुझ्या तोंडाला गटार म्हटलं तर गटाराला लाज वाटेल. पुलाखाली जे झालं ते दोघांतलं होतं. मी तुझ्यापुढे कातडं सोलून बसलो आणि तू तेच कातडं बाजारात वाळत घालतोस? तूही सांगायचास की तुझं. मुलांच्या बोटांवर पट्टी मारताना मजा वाटायची, हे कोण रडून सांगत होतं? सांगू का मी पण?

तुझी वही विहिरीत पडली तेव्हा कोण आलं होतं? देव आला होता? मी आलो होतो. ते दोन दात तू डबीत ठेवले होतेस, मला माहीत आहे. तेव्हा रक्त गोड लागलं आणि आता ओकारी येते होय!

बायको माझी. हात माझा. पाळकाच्या मागच्या खोलीला दार आहे आणि दाराला कडी आहे. असल्या कड्या मी खांद्याने उखडतो. तिला कळव. आणि तू ये. जरूर ये. मंडळीपुढे तोंड उघड, मग बघू त्यात किती दात राहतात.

पैलवान

—

२८ मार्च
(इस्पितळातून)

माझ्या टिटवे,

जबडा तारेने बांधला आहे, म्हणून बोलता येत नाही. नळीने दूध पितो. पण हाताला काही झालं नाही, देवाची दया. माझी खाट खिडकीशी आहे. दुपारी पांघरुणावर उन्हाचा चौकोन येतो.

तू मागे बसली होतीस, नीट दिसलं नसेल, म्हणून लिहितो. मी पुढे जाऊन कागद उघडला. कानापर्यंत वाचलं तोवर तो पहिल्या बाकावर दगडासारखा बसून होता. 'गरम तवा' म्हणालो आणि बाक उलटल्याचा आवाज झाला. त्याने माझी मान धरली. प्रभुभोजनाचं टेबल मांडलेलं होतं, त्याच्या कडेवर माझं तोंड आपटलं. भाकरीचं ताट खाली गेलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा पांढऱ्या कापडावर लाल पसरलं, आणि द्राक्षारसाचा प्याला तर अजून उभाच होता. तिसऱ्यांदा आपटलं. मी मोजलं ग. लहानपणी मोजलं होतं तसंच, फक्त ह्या खेपेला तोंड माझं होतं. चार माणसांनी ओढलं तेव्हा कुठे तो सुटला. एकाचा अंगठा त्याने चावून फोडला.

पण खरं सांगू? मला हलकं वाटतंय. चाळीस वर्षांचं ओझं त्या टेबलावर सांडलं. वाटलं, गुरुजींच्या पट्टीखालून सुटलो एकदाचा. दात गेले, आता कविता बोबडी येईल! पण फिटलं, टिटवे. फिटलं ना?

तुझा दादा

—

६ एप्रिल

दादा,

मी मागे नव्हते बसले. तिसऱ्या बाकावर होते, कडेला, मोडका हात गळ्यात घेऊन. तू कागद वाचलास, छताकडे बघितलंस, पाळकांकडे बघितलंस, भिंतीवरच्या क्रुसाकडे बघितलंस. माझ्याकडे एकदाही नाही. आदल्या दिवशी दुपारी तू गावात आलास, पाळकांच्या पुढच्या खोलीत चहा प्यायलास. मधे एक भिंत होती. तुझा खोकला मला ऐकू येत होता, एका कानाने का होईना. मी उठून केस नीट केले. म्हटलं, येईल. तू आला नाहीस.

तू मंडळीला सांगितलंस. देवाला सांगितलंस. पुन्हा मधला प्रश्न गाळलास, दादा. तुझी चाल तुला सोडत नाही.

दात पडले म्हणून फिटलं असं समजू नकोस. ते त्याने पाडले, मी मागितले नव्हते. आणि तुला मार बसला ह्यात मला काय मिळालं? एवढंच मिळालं की तो आत आहे. ज्याने त्याला आत घातलं तो शिपाई मला म्हणाला, "बाई, आधी का नाही आलात?" मी म्हटलं, चाळीस वर्षांत मला साक्षीदार मिळाला नाही; माझ्या भावाच्या दोन दातांना दीडशे मिळाले. तो खाली बघायला लागला. मग मी सगळं लिहून दिलं, डाव्या हाताने, सही केली. हाताचा दाखला डॉक्टरांनी बदलून दिला, 'पडून' खोडून 'मारामुळे' लिहिलं. त्यांनाही मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं ना? ते हो म्हणाले. तोंडावर म्हणाले. मला जरा बरं वाटलं. बघ, एवढ्यानेही बरं वाटतं.

पैलवानाने पाळकांबरोबर निरोप पाठवला होता: मी प्रभूची क्षमा मागितली आहे, तिला म्हणावं मन मोठं कर. पाळक सांगायला आले खरे, पण त्यांचा चेहराच उतरला होता. मी म्हटलं, त्याला विचारा, काय काय केलं ते माझं नाव घेऊन लिहून देतो का. ते परत गेले. अजून काही आलं नाही. येणार नाही बहुतेक. आलं तर वाचीन. त्यापुढचं आत्ता कबूल करत नाही.

तुझ्यासाठी मात्र एक खुर्ची ठेवलीय. जबडा सुटला की शनिवारी ये. आता झडती मी घेणार. पाणी देईन, कविता नको. डाव्या बाजूला बस, उजव्या कानाशी बोललास तर ऐकू येणार नाही.

टिटवी

—

२२ एप्रिल

टिटवे,

हे पत्र पाचव्यांदा लिहितो आहे. पहिल्या चार पत्रांत ओढा होता, ऊन होतं, आपली आई होती. फाडली.

हो. मला माहीत होतं. ओठाच्या दिवशीही माहीत होतं. तो तुला मारतो हे, तू दारात आलीस त्याच्या आदल्या शनिवारी त्याने मला सांगितलं होतं. जिना मला कधीच खरा वाटला नाही. तुला ठेवून घेतलं असतं तर त्याची मैत्री तुटली असती, आणि शाळेपासून माझ्या बाजूने उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं. घरात दोनच खोल्या होत्या, तुझी वहिनी कुरकुरली असती, हेही मनात आलं होतं. म्हणून दिवे लागायच्या आत तुला नेऊन सोडलं. फाटक मीच लावून घेतलं. त्या संध्याकाळी त्याने तुला पुन्हा मारलं, तेही पुढच्या शनिवारी मला कळलं. मी डोळे मिटून प्रार्थना केली आणि घरी येऊन जेवलो.

पाळकांना कळवलं आहे, माझी कविता बंद करा. तिन्ही प्रश्न फळ्यावर लिहा, साध्या वाक्यांत, चालीशिवाय.

हे सगळं कागदावर आलं, पण कागद काही तुझ्याकडे बघत नाही. माझे डोळे तुझ्या डोळ्यांना भिडतील का, मला खरंच ठाऊक नाही. तुझ्या दारापर्यंत पाय येतील एवढं नक्की.

तार बुधवारी काढणार आहेत. शनिवारी येतो. डाव्या बाजूला बसेन.

दादा